बोल्टचा शेवटचा आटा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज. बहुतेक प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांच्या शेडमध्ये, भिंतीवर दोन शब्द लावलेले सापडतात, ‘एसएमईडी’ (सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय, म्हणजे प्रेसमधली डाय किंवा साचा झटपट बदलणं) आणि ‘पोका-योके’ (चूक टळावी किंवा लगेच दिसावी अशी सोय). दोन्हींच्या मागे माणूस एकच, औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो. जन्म १९०९, जपानमधल्या सागा शहरात, निधन १९९० साली. आपण त्यांचे शब्द घेतले, तक्ते घेतले, ऑडिटसाठी फाइलीही केल्या. त्यांची मुख्य सवय मात्र घ्यायची राहिली, असं माझं ठाम मत आहे. मशीनजवळ उभं राहून काम करणाऱ्याच्या हातांकडे तासन्‌तास बघायचं, ही ती सवय.

१९५० साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आज आपण जिला माझदा म्हणतो त्या कंपनीत, मोठ्या प्रेसवर काम तुंबायचं. ३५०, ७५० आणि ८०० टनी प्रेस होत्या आणि आणखी प्रेस घ्याव्यात असा विचार चालू होता. शिंगो म्हणाले, आधी मला आठवडाभर बघू द्या. तिसऱ्या दिवशी ८०० टनी प्रेसवर डाय बदलायची वेळ आली. जुनी डाय उतरली आणि एक कामगार पळतच कुठेतरी गेला. तासभराहून जास्त वेळ प्रेस थांबून. नव्या डायचा एक बोल्ट सापडत नव्हता. शेवटी त्याने शेजारच्या प्रेससाठीचा लांब बोल्ट उचलला, कापून आखूड केला, आटे पाडले आणि काम भागवलं. शिंगोंनी विचारलं, आता तो लांब बोल्ट लागेल तेव्हा काय करणार?

सगळी पद्धत या एका प्रसंगातून उगवली. सेटिंगची, म्हणजे डाय बदलण्याची, कामं दोन प्रकारची. काही प्रेस थांबल्याशिवाय होतच नाहीत, जसं डाय उतरवणं, चढवणं, क्लॅम्पने जागेवर आवळणं. बाकीची प्रेस चालू असतानाच उरकता येतात. बोल्ट शोधणं यातलं दुसरं. तोयो कोग्योत प्रत्येक डायचे बोल्ट निवडून वेगवेगळ्या पेटीत ठेवले, तेवढ्यावर कामाचा वेग सुमारे ५० टक्के वाढला. नवी प्रेस घ्यावी लागली नाही.

आपल्याकडच्या डाय चेंजकडे या नजरेने बघा. शेवटचा पीस पडतो, प्रेस थांबते, आणि मग सेटर पुढची डाय आणायला रॅककडे जातो. डाय उचलायचा होइस्ट दुसऱ्याकडे असतो. २४ चा पाना शेजारच्या मशीनवर गेलेला असतो. क्लॅम्पखालचं पॅकिंग, म्हणजे उंची जुळवायचे तुकडे, भंगारच्या पिंपातून शोधायचं. पत्र्याची कॉइल यायची असते. पहिला पीस निघाला तरी क्वालिटीवाला येईपर्यंत सगळे उभे, कारण पीस तपासायचं चेकिंग फिक्स्चर स्टोअरमध्ये कुलपात. यातलं एकही काम प्रेस थांबवून करण्याचं नाही. पुढची डाय, तिचे बोल्ट, पॅकिंग, पाने, फिक्स्चर असं सगळं एका ट्रॉलीवर, शेवटचे शंभरेक पीस बाकी असतानाच प्रेसशेजारी उभं असलं पाहिजे. खर्च ट्रॉलीचा आणि एका यादीचा. इथवर न येता थेट हायड्रॉलिक क्लॅम्पची कोटेशनं मागवणं मला पटत नाही.

दुसरा टप्पा अवघड. जी कामं आज थांबलेल्या प्रेसवर होतात, त्यातली शक्य तेवढी प्रेस चालू असतानाच उरकायची. १९६९ साली टोयोटाच्या मुख्य कारखान्यात १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांचं होतं. शिंगोंनी सहा महिन्यांत ते ९० मिनिटांवर आणलं. मग वरून मागणी आली, तीन मिनिटं. आणखी तीन महिन्यांत तेही जमलं. इथे नावाबद्दल एक खुलासा करतो, कारण ही चूक फार पसरलेली आहे. ‘सिंगल मिनिट’चा अर्थ एक मिनिट असा नाही. मिनिटांचा आकडा एकअंकी असावा, म्हणजे दहाच्या आत, एवढाच अर्थ.

आता बोल्ट जवळून बघू. शिंगोंचं निरीक्षण असं की नट कितीही वेढे फिरवा, पकड येते ती शेवटच्या वेढ्याला आणि सुटते ती पहिल्या वेढ्याला. मधलं सगळं फिरवणं फुकट. एम-२० बोल्टची पिच अडीच मिलिमीटर. नट ३० मिलिमीटर सरकवायचा तर बारा वेढे. वरची-खालची मिळून आठ बोल्ट धरले तर सोडायला ९६ आणि आवळायला ९६ वेढे, आणि त्यातले कामाचे सोडताना आठ, आवळताना आठच! उपाय अगदी साधे आहेत. डायच्या पायाला बंद भोकाऐवजी बाहेरून उघडी यू खाच पाडा. नट एक वेढा सैल केला की टी-बोल्ट खाचेतून मागे सरकतो. भोकच ठेवायचं असेल तर ते नटापेक्षा मोठं करा आणि इंग्रजी सी आकाराचा वॉशर वापरा. एक वेढा सैल, वॉशर बाजूने काढला, डाय नटावरून थेट वर. १६ बोल्टांच्या एका झाकणाला शिंगोंनी नासपतीच्या आकाराची, एका बाजूला रुंद भोकं पाडायला लावली. नट सैल करून झाकण किंचित फिरवलं की नट रुंद बाजूला येतात आणि झाकण उचललं जातं. एकही नट पूर्ण काढायचा नाही.

क्लॅम्पचंही तसंच. डायची कड आणि मागचं पॅकिंग एका उंचीत नसलं की क्लॅम्प तिरका बसतो, बोल्ट वाकतो आणि काही हजार ठोक्यांनी डाय हळूच सरकते. बोल्ट पॅकिंगपेक्षा डायच्या जवळ हवा, नाहीतर निम्म्याहून जास्त जोर पॅकिंगच दाबण्यात जातो. म्हणून सगळ्या डायची क्लॅम्प करायची कड एका जाडीची करून टाका, पॅकिंग एकाच मापाचं पुरतं. शट हाइटही, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावरची डायची उंचीही, सारखी करा. एक डाय ४०० मिलिमीटरची, दुसरी ३६० ची असेल तर दुसरीखाली ४० ची ग्राइंड केलेली प्लेट कायमची बोल्ट करा. सुटी ठेवू नका. सुटी प्लेट हरवते, आणि तिच्याखाली एक चिप अडकली तरी डाय तिरकी बसते.

हे केल्याशिवाय ॲडजस्टमेंट संपत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. शिंगोंच्या हिशोबाने सेटिंगचा निम्म्यापर्यंतचा वेळ ट्रायल पीस काढण्यात आणि ‘जरा डावीकडे घे’ करण्यात जातो. बोल्स्टरवर, म्हणजे डाय बसते त्या प्रेसच्या जाड प्लेटवर, पक्के स्टॉपर आणि डायला त्यावर टेकणारी जागा असेल तर डाय एकाच ठिकाणी बसते. सेटरचा अंदाज लागत नाही, पहिलाच पीस बरोबर येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? आकडे मांडून बघा. एक पीस एका मिनिटात निघतो आणि सेटिंगला चार तास लागतात. १०० पीसचा लॉट काढला तर दर पीसला ३.४ मिनिटं पडतात, १०,००० चा काढला तर १.०२४. म्हणूनच आपण मोठे लॉट काढतो आणि शेडमध्ये गंजत ठेवतो. सेटिंग नऊ मिनिटांचं झालं तर १०० च्या लॉटलाही १.०९ मिनिटं. मोठा लॉट काढायचं कारणच उरत नाही.

पण घड्याळ हातात घेऊन सेटरला ‘आटप’ म्हणणं म्हणजे एसएमईडी नाही, ते घातक आहे. रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली, सेफ्टी ब्लॉक, मोटर बंद, फ्लायव्हीलचं जड चाक पूर्ण थांबेपर्यंत धीर, स्विचला कुलूप. यातलं एक सेकंदही वाचवायचं नसतं. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत असतं आणि बोटं जातात ती अशाच वेळी. दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं तर काम त्याच क्षणी थांबवायचं, उत्पादन गेलं तरी चालेल.

पोका-योकेचंही आपण असंच केलंय. १९६१ साली यामादा इलेक्ट्रिकमध्ये दोन बटणांचा एक छोटा स्विच जोडला जायचा. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधीतरी एखादी राहून जायची आणि ग्राहकाकडून तक्रार यायची. तेव्हा काही दिवस ‘लक्ष देऊन काम करा’ अशी ताकीद, मग पुन्हा तेच. शिंगोंनी एक छोटी ताटली ठेवायला सांगितली. आधी डब्यातून दोन स्प्रिंग ताटलीत घ्यायच्या, मग जोडायच्या. शेवटी ताटलीत एखादी उरली तर राहिली हे तिथल्या तिथे कळतं. सेन्सर नाही, कॅमेरा नाही.

सुरुवातीला याला ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ साली अराकावा या मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत हा शब्द ऐकून एक कामगार बाई रडू लागली, मी इतकी मूर्ख आहे का, म्हणून. शिंगोंनी शब्दच बदलला. ‘पोका’ म्हणजे नकळत झालेली चूक. रिजेक्शन झालं की ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली’ असं आठ-आठ वेळा लिहिणाऱ्यांनी हा बदल जरूर ध्यानात घ्यावा. चूक होणारच. तिचा खराब पीस होण्याआधी ती दिसली पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे.

सेन्सर लावलात तर दर शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम खराब केलेला, लाल रंगवलेला पीस टाकून बघा. मशीन अडलं नाही तर कुणीतरी सेन्सर बायपास केलाय. त्याला ओरडण्याआधी का केला ते विचारा. बहुतेकदा सेन्सर चांगल्या पीसवरही अडत असतो, तेल आणि धूळ बसून.

सुरुवात करायची असेल तर पुढच्या डाय चेंजला मोबाइल स्टँडवर लावा. सेटरला आधी सांगून, लपून नव्हे. शेवटच्या चांगल्या पीसपासून पुढच्या डायच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत सलग चित्रण करा. आणि ते ऑफिसात नेण्याआधी, सेटिंग संपल्या संपल्या, त्यालाच आणि त्याच्या हेल्परला दाखवा. कुठे पाना शोधायला गेलो, कुठे होइस्टची वाट पाहिली, ते तेच बोट ठेवून सांगतील.