कागदोपत्री सुका

लातुरात मुलं दोन प्रकारची. परीक्षेला बसणारी, आणि अजून कशावरच न बसणारी. आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे होईपर्यंत दुसऱ्या प्रकारात होते आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं डायपर ही चैन नसते, टंचाई निवारणाची योजना असते. लंगोट धुवायचा तर बादलीभर पाणी पाहिजे. आमच्या नळाला ते कधी येईल हे पंचांगातही नसतं.

त्यात मी शिकवणीत रसायनशास्त्र शिकवतो. डायपरच्या पोटात सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड असते. ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी पिते. लघवीत क्षार असतात म्हणून तिथं तिची मजल बरीच कमी पडते, पण एका पोरासाठी पुष्कळ झालं. हे मी आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मंग रानात टाका की ती पूड." असली पाणी धरणारी जेल शेतीत खरोखर वापरतात, हे मी बोललो नाही. नाहीतर वापरलेले डायपर पिशवीत भरून औशाला रवाना झाले असते.

आईचं शास्त्र वेगळं. लेकरू मान धरायला लागलं की दोन्ही पायांवर बसवायचं आणि "श्श्श" करायचं. आम्हा भावंडांना असंच वळण लागलं म्हणे. अजूनही कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा फुस्स आवाज आला की धाकटा भाऊ उठून जातो.

खरी पंचाईत घंटागाडीपाशी. डायपर ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या? 2016 च्या घनकचरा नियमांत उत्तर होतं: नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात. आयुष्यभर आम्ही कागदावर ओलं आणि प्रत्यक्षात कोरडं पाहत आलो. आतून चिंब आणि कागदोपत्री सुकी अशी वस्तू पहिल्यांदाच हाताळली. घंटागाडीवाल्याला मी नियम समजावून सांगितला. त्यानं पुडकं हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे सुकं हाय?"

अशी घडी नीट बसलेली असताना पाळणाघराच्या मावशींनी फतवा काढला. "सर, लेकरू दोन-दोन तास कोरडं राहायलंय. चड्डी आपल्या हातानं खाली वढायलंय. शी यायच्या टायमाला पडद्याआड जाऊन हुबं राहायलंय. आता कशाला बांधून ठेवता त्याला? उद्या चड्ड्या द्या जास्तीच्या, डायपर नको."

मावशींचं पाळणाघर म्हणजे लातूर पॅटर्नच. वेळापत्रक, सराव, आणि पुन्हा सराव. आल्यावर बसायचं, वरणभात झाल्यावर बसायचं, झोपून उठल्यावर बसायचं. जेवणानंतर मोठं आतडं हलायला लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं; मावशी म्हणतात, "वरून पडलं की खालचं सरकतंय." भिंतीशी प्लास्टिकच्या रंगीत भांड्यांची रांग, त्यावर गावातली भावी गुणवत्ता यादी. एकाची झाली की बाकीच्यांना जोर येतो. कुणाची चड्डी ओली झाली तर मावशी आवाज चढवत नाहीत, गुपचूप बदलतात. "रागवलं की लेकरू धरून ठेवतंय. मंग खडा होतंय, आन् बसायचंच भ्या घेतंय."

चिरंजीव तिथं पहिल्याच आठवड्यात तरबेज झाले. घरी मात्र "हितं नाही. मावशीकडं." आम्ही तसलंच भांडं आणलं, त्याच निळ्या रंगाचं. त्यात त्यानं बाहुल्याला बसवलं. गालिचा मात्र स्वतःसाठी राखून ठेवला. बायको म्हणे, रविवारपुरता डायपर लावू. आई म्हणे, पायावर घेते. चिरंजीव तिघांच्या तीन पद्धतींचा शांतपणे अभ्यास करत राहिले.

रविवार म्हणजे पाळणाघर बंद. शनिवारी दुपारपासून साहेबांनी शी धरून ठेवली. रविवारी संध्याकाळी पोट टम्म, चेहरा लाल, पडद्याआडून हुंदके. पपई झाली, कोमट पाणी झालं, आईचं "श्श्श" झालं. (धाकटा भाऊ दोनदा जाऊन आला.) शेवटी बायकोनं मावशींना व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर मावशी दिसल्या, हाताला पीठ. "काहून रं पिल्ल्या, बसला नाहीस?"

चिरंजीव निमूट चालत गेले, बाहुल्याला उचलून बाजूला ठेवलं, चड्डी खाली ओढली आणि बसले. मोबाईल मी त्यांच्या समोर धरून उभा. बी.एड. केलंय मी.

"झाऽऽली!"

"शाब्बास! आता धुवून घे बाबांकडनं," मावशी म्हणाल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी घाईनं हात हलवला. "फोन ठेवा सर. पुण्याहून लेकीचा कॉल यायलाय. माझ्या नातवाला बसवायचंय."