‘स्टँडर्ड लायब्ररी पुरेशी आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांसाठी मी लेखात दिलेल्या क्रेट्सच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, यादीवर तुम्ही लिहिलंत, की नवशिक्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात बाहेरची क्रेट्स देणं म्हणजे त्याला पांगळं करणं. थ्रेड (एकाच वेळी कामं चालवण्याची सोय) आणि फाइल दोन्ही स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या कोडमध्ये, आहेत, आधी ते शिकवा.

थ्रेडबाबत तुमचं खरं आहे. स्कोप्ड थ्रेडसाठी, म्हणजे कोडच्या ठरावीक भागापुरत्याच चालणाऱ्या थ्रेडसाठी, मी क्रॉसबीम हे क्रेट सुचवलं होतं. ऑगस्ट २०२२ च्या १.६३ आवृत्तीपासून ते स्टँडर्ड लायब्ररीतच आहेत. लेख दुरुस्त केला आहे. पण त्याआधीची सात वर्षं बघा. २०१५ साली १.० येण्याच्या तोंडावर स्कोप्ड थ्रेड काढावे लागले, कारण त्यांचं तेव्हाचं रूप सुरक्षित नव्हतं. ज्यांना ते हवे होते, ते बाहेरच्या क्रेट्सकडेच वळले. थ्रेडमधून थ्रेडकडे निरोप नेणारा स्टँडर्ड लायब्ररीतला चॅनेल तर १.६७ पासून आतून क्रॉसबीमच्याच कोडवर चालतो. स्टँडर्ड लायब्ररीत एकदा आलेल्या गोष्टीचं बाहेरचं रूप पुढे बदलता येत नाही, म्हणून रस्टमध्ये अनेक गोष्टी आधी बाहेर मुरतात.

फाइल्सबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. स्टँडर्ड लायब्ररीतलं रीड-डिर हे फंक्शन एकाच फोल्डरची यादी देतं, आतल्या फोल्डरांत शिरत नाही. त्यासाठी तुम्ही म्हणता ते ‘पाच ओळींचं रिकर्शन’ (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) मीही लिहिलं होतं, फोटो मोजायला. त्या फोल्डरांत एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) वरच्याच फोल्डरकडे परत जात होती, आणि ‘हा फोल्डर आहे का’ हे सांगणारं इज-डिर सिमलिंकच्या मागे जातं हे मला ठाऊक नव्हतं. लिनक्स एका पाथमध्ये ४० सिमलिंकांपर्यंतच जाऊ देतं. तोवर तेच फोटो पुन्हा पुन्हा मोजले गेले. एरर कुठेच दिसली नाही, कारण अशा वेळी इज-डिर नुसतं ‘नाही’ म्हणतं. आकडा फुगलेला आहे हे मला दोन दिवसांनी कळलं. आतल्या फोल्डरांतही फिरणारं वॉकडिर हे क्रेट आपणहून सिमलिंकच्या मागे जात नाही, आणि जायला सांगितलं तर फेरा ओळखून एरर देतं.

रिकर्शन लिहून बघावंच, त्यातूनच हे कळतं. पण वॉकडिर अस्तित्वात आहे हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार कसं? म्हणून मी नवशिक्यांना फाइल्समध्ये मजकूर शोधणाऱ्या रिपग्रेपसारख्या नावाजलेल्या टूलची कार्गो-टॉमल फाइल, म्हणजे त्याने वापरलेल्या क्रेट्सची नोंद असलेली फाइल, उघडायला सांगते. कोणत्या क्रेटवर जाणकार विसंबतात, ते तिथे दिसतं.

एकाच वेळी अनेक कामं वाट बघत ठेवू देणारं टोकिओ हे क्रेट यादीत का नाही, हेही तुम्ही विचारलंत. त्यातली फाइलची कामंही शेवटी काम होईपर्यंत थांबून राहणाऱ्या साध्या (ब्लॉकिंग) थ्रेडवरच जातात, त्यामुळे डिस्कवरच्या हजारो फाइल्स वाचायला त्याचा वेग मिळत नाही. तिथे काम अनेक थ्रेडवर वाटून देणारं रेयॉन हे क्रेट घ्या. नेटवर्कवर याल तेव्हा टोकिओ लागेलच.