ढाण्याची राखण

आमच्याकडे राखण म्हणजे रानडुकरांपासून पिकाची. रात्रभर वावरात डबे वाजवत बसायचं आणि सोबतीला कुत्रा ठेवायचा. मी मात्र कुत्र्याचीच राखण करतो.

ढाण्या लॅब्राडोर आहे. गावात त्याला ‘ल्याबरा’ म्हणतात. नाव ठेवताना त्याचा स्वभाव कळला नव्हता. अनोळखी माणूस दिसला की हा आधी शेपूट हलवतो, मग पोट वर करून झोपतो. पलीकडच्या गावातून कुणाचा तरी कुत्रा रातोरात उचलल्याची बातमी आली आणि माझी झोप उडाली.

वकिली करणाऱ्या भाच्याने धीर दिला. “मामा, कायद्यात खास कुत्राचोरीचंच उदाहरण आहे!” खिशात कुत्र्याला भुलवणारं खाणं ठेवून, लांबवायच्या इराद्याने कुणी दुसऱ्याचा कुत्रा मागे लावला, तर कुत्रा चालू लागताक्षणी चोरी झाली. 1860 च्या दंड संहितेत कलम 378 खाली हेच होतं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, तिच्या कलम 303 खालीही साहेबाच्या काळचा तो कुत्रा तसाच चालतो आहे. या हिशेबाने ढाण्या सकाळी दूधवाल्यामागे, दुपारी शाळेच्या पोट्ट्यांमागे आणि संध्याकाळी ज्याच्या हातात बिस्किट असेल त्याच्यामागे चोरीला जातो. “पण इरादा बेइमानीचा पाहिजे,” भाचा म्हणाला. ढाण्या इरादा विचारत नाही.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिलटकर आणि त्याने माल परत केला, तर नुसती समाजसेवा! म्हणजे ढाण्याची किंमत पाच हजारांवर नेणं आलं. पानठेल्यावर विषय काढला. बैलबाजारात आयुष्य घालवलेल्या एका आजोबांनी ढाण्याचा जबडा उघडला, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “जुळला हाये, सारे दात आले. पन वखराले चालते का?” ढाण्याने त्यांचा अंगठा चाटला. बोली दीडशेच्या पुढे गेली नाही.

मग डॉक्टरांकडून चिप बसवली. तांदळाएवढी, आत पंधरा अंकी नंबर. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. सापडल्यावर यंत्र जवळ धरलं की नंबर दाखवते. म्हणजे शोधायचा आपणच.

शेवटी अंगणात खाट टाकली आणि साखळी मनगटाला बांधली. माय म्हणाली, “कुत्रं घोरते अन् तू जागतं. कोनं कोनाले पाळलं बे?”

पोळ्याच्या दिवशी बैल सजवण्याच्या गडबडीत साखळी सुटली. गाव पालथं घातलं. रात्री फाटकाशी पलीकडच्या गावचा एक माणूस, सोबत ढाण्या.

“घ्या भाऊ तुमचा ल्याबरा. दुपारपासून आमच्या घरी हाये. करंज्याचा डब्बा साफ केला, वरून माह्या पोट्ट्याच्या गादीवर झोपला. करंज्याचे पैसे द्या.”

पैसे आणायला आत गेलो. नोटा मोजून बाहेर येतो तो फाटक सताड उघडं. कंटाळून पाव्हणा पैसे न घेताच निघून गेला होता.

ढाण्याही.