हापूस चालतो, मग लस का नको?

देवगडच्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात तिच्या दीड महिन्याच्या नातवाचे लसीकरण पुढे ढकलायला लावले. कारण व्हॉट्सॲपवरचा एक संदेश: लसींतील जंतू अणुभट्टीच्या किरणांनी मारतात, ते किरण लसीत उरून बाळाच्या अंगात साठतात, पुढे वंध्यत्व येते, आणि हे सारे ‘जैतापूरवाल्यांनी तरी ओळखावे’. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला माझाही विरोध आहे. म्हणूनच त्या विरोधाच्या आडून तान्ह्या बाळांच्या लसी थांबवल्या जाव्यात, याची चीड येते.

किरण लसीत उरतात, हा यातला सर्वांत घातक मुद्दा. जंतू मारायला वापरतात ते गॅमा किरण हे प्रकाशाच्याच जातीचे, फक्त कितीतरी अधिक ऊर्जेचे. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच तेही राहत नाहीत. त्यांचा स्रोत असलेले कोबाल्ट-६० पोलादी नळ्यांत बंद असते आणि वस्तूला त्याचा स्पर्शही होत नाही. त्याच्या किरणांची ऊर्जा फार तर १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि लसीतील किंवा अन्नातील अणूंना किरणोत्सर्गी करायला ती पुरत नाही. मात्रा वाढवूनही हे बदलत नाही, कारण वाळूचे कण कितीही फेकले तरी चिरा फुटत नाही. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंत (म्हणजे १०,००० ग्रे; ग्रे हे वस्तूने शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) किरण दिलेले अन्न निर्धोक असल्याचा निर्वाळा १९८० सालीच दिला आहे. ‘आपला आंबा अमेरिकेत जातो’ असे आत्या अभिमानाने सांगते. २००७ पासून तिकडे जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते, आणि त्याची सुरुवात झाली ती लासलगावच्या, मुळात कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. मुंबईत ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात तर १९७४ पासून वैद्यकीय साहित्य याच किरणांनी निर्जंतुक होते.

दुसरे म्हणजे, या बाळाला मिळणारी एकही लस किरणांनी बनलेली नाही. टोचायच्या पोलिओ लसीतील विषाणू फॉर्मालिन या रसायनाने निष्क्रिय करतात. किरणांची पद्धत माणसांच्या लसींसाठी मुख्यतः संशोधनात आहे. १९६७ साली शास्त्रज्ञ रूथ नुसेनझ्वाइग यांनी क्षकिरण दिलेले हिवतापाचे परजीवी टोचून उंदरांना संरक्षण मिळते, हे दाखवले, आणि तोच धागा पकडून हिवतापाच्या लसीचे प्रयोग चालू आहेत. पद्धतीचे आकर्षण असे, की फॉर्मालिनने जंतूच्या पृष्ठभागावरील प्रथिने बदलतात, तर किरणांचा घाव मुख्यतः जनुकीय द्रव्यावर पडतो आणि प्रतिकारशक्तीने ओळखायचे रूप बरेचसे शाबूत राहते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मात्रा कमी पडली तर जिवंत जंतू उरू शकतात, जास्त झाली तर प्रथिनेही मोडतात; म्हणून तपासणीत कसूर चालत नाही. परंतु हा धोका निष्क्रियीकरणाच्या प्रत्येक पद्धतीत आहे: १९५५ साली अमेरिकेत पोलिओच्या लसीत जिवंत विषाणू राहून मुले लुळी पडली, ती लस फॉर्मालिनचीच होती.

वंध्यत्वाच्या दाव्याला संदेशात आधार म्हणून एक ओळही नाही. उलट, चुकलेली पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची) लस उशिरा घेता आली, तरी तोवर डांग्या खोकल्यापासून बाळाला संरक्षण नाही, आणि तो सर्वाधिक जिवावर बेततो तो याच वयात. उपकेंद्रातील लसीकरण येत्या बुधवारी आहे. आत्याने बाळाला न्यायचे कबूल केले आहे, माझ्यावर रागावूनच.