गल्ला खरा की फुगवलेला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया अभ्यासाने लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर.

अमेरिकेत बायबलवरचे आणि श्रद्धेवरचे चित्रपट थिएटरांत परतले आहेत, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: चर्च घाऊक तिकिटं घेतात, देणगीदार अनोळखी लोकांची तिकिटं काढतात, खुर्च्या रिकाम्या राहतात आणि आकडे मात्र चढतात. दाखवतात ते टीव्हीचं काम, मोठ्या पडद्यावर ताणलेलं. आणि असे चित्रपट जुन्या हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल डमिल यांच्या काळापासून येतच आहेत, मग परतलं काय?

घाऊक तिकिटांचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून तो आधी. चर्च एखादा अख्खा खेळ घेतं तेव्हा थिएटरशी ठरावीक खुर्च्यांची हमी देऊन पैसे आधी भरतं. तिकिटं विकली गेली की ती गल्ल्यात धरली जातात. शंभर खुर्च्यांचे पैसे भरले आणि साठच माणसं आली, तरी गल्ला शंभराचा. तुम्ही म्हणता तो ‘ॲपवर हाऊसफुल, आत रिकामं’ हा प्रकार इथून येतो. एंजेल स्टुडिओज ही असे चित्रपट वितरित करणारी कंपनी. तिच्या ‘पे इट फॉरवर्ड’ या योजनेत आणखी एक पायरी आहे. देणगीदार पैसे देतो, प्रेक्षक वेबसाइटवर मागणी नोंदवून कोड घेतो आणि त्या कोडवर थिएटरचं तिकीट काढतो. थिएटरला पूर्ण पैसे मिळतात, म्हणून हेही गल्ल्यातच. फुकटचं तिकीट बुडालं तर आपलं काही जात नाही, तेव्हा न येणारे इथे जास्त असणारच. त्यात याच कंपनीच्या ‘गिल्ड’ या सभासद योजनेच्या वरच्या वर्गणीत प्रत्येक चित्रपटाची दोन तिकिटं मिळतात. तीही भरतीला.

इथवर आपलं जुळतं. पण यावरून ‘सगळाच गल्ला खोटा’ म्हणायचं तर थोडा हिशेब मांडायला हवा. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग थिएटरकडे राहतो. म्हणजे वितरकाने स्वतःच्या खिशातून १ कोटी डॉलरची तिकिटं घेतली तर त्यातले ५० लाखांच्या आसपास कायमचे गेले. पहिल्या तीन दिवसांचा मथळा मिळवायला कोणी हे एकदा करेल, पण आठवड्यामागून आठवडे कोणालाच परवडणार नाही. देणगीचा पैसा आला की हे गणित बिघडतं, कारण झळ देणगीदाराला बसते, कंपनीला नाही. या पद्धतीबद्दलची खरी शंका तिथे आहे आणि ती धरून ठेवण्यासारखी आहे.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? पहिला वीकेंड सोडा, दुसरा बघा. घाऊक खरेदी जवळजवळ सगळी पहिल्या चार-पाच दिवसांत संपते, कारण पाद्री आणि संयोजक लोकांना पहिल्याच आठवड्यात यायला सांगतात. त्यांनाही माहीत असतं की येत्या शुक्रवारी कोणाला किती पडदे द्यायचे, हे अमेरिकेतली थिएटरं सोमवारी वीकेंडचे आकडे बघून ठरवतात. त्यामुळे ज्या चित्रपटामागे नुसती घाऊक खरेदी आहे, तो दुसऱ्या शुक्रवारी उघडा पडतो.

२०१४ चा ‘सन ऑफ गॉड’ घ्या. चर्चनी खेळच्या खेळ घेतले होते. पहिल्या वीकेंडला सुमारे २.५६ कोटी डॉलर आले, दुसऱ्याला १.०३ कोटी. साठ टक्के घसरण. तुमचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं. पण त्याच वर्षी मोठ्या स्टुडिओंनी, चर्चच्या जिवावर न राहता, पैसा ओतून काढलेले दोन बायबलपटही बघा. १२.५ कोटींचा ‘नोआ’ ४.३७ कोटींवर उघडला आणि दुसऱ्या वीकेंडला साठ टक्क्यांहून जास्त पडला. रिडली स्कॉट यांचा ‘एक्सोडस: गॉड्स अँड किंग्ज’ १४ कोटींचा, तो २.४१ कोटींवर उघडला आणि दोन तृतीयांशाने आपटला. पहिल्या रात्री प्रेक्षकांना विचारून सिनेमास्कोर ही संस्था श्रेणी देते, तिथे ‘नोआ’ला ‘सी’ मिळाली होती. विषय बायबलचा, नट मोठे, तंत्र अव्वल. तरी ज्यांच्यासाठी बनवला त्यांनीच पाठ फिरवली.

आता उलटी बाजू. २०१५ चा ‘वॉर रूम’ फक्त १,१३५ थिएटरांत लागला आणि तीन दिवसांत सुमारे १.१४ कोटी घेऊन गेला. थिएटरमागे दहा हजार डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण अकराशे-बाराशे माणसं. खर्च ३० लाख. दुसऱ्या वीकेंडला तो पहिल्या क्रमांकावर गेला. २०२३ चा ‘साउंड ऑफ फ्रीडम’ बायबलपट नव्हे, बालतस्करीवरचा आहे, पण वितरक तेच एंजेल आणि तिकिटांची पद्धतही तीच. पहिल्या वीकेंडला १.९७ कोटी, दुसऱ्याला जवळपास २.७३ कोटी. वर गेला! हा आकडा नुसत्या देणगीवर निघत नाही. आधी बघून आलेल्यांनी इतरांना पाठवल्याशिवाय दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा होत नाही.

तरीही दुसऱ्या वीकेंडच्या कसोटीत एक खड्डा आहे, आणि तुमच्यासारखा वाचक तो काढणारच. २०२५ चा ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा कोरियन स्टुडिओने केलेला ॲनिमेशनपट ११ एप्रिलला लागला. पहिला वीकेंड १.९ कोटींच्या वर, दुसरा १.७ कोटींच्या वर. घसरण जेमतेम दहा टक्के दिसते. पण ईस्टर २० एप्रिलला होता, म्हणजे दुसरा वीकेंड सणाचाच. ईस्टर सरल्यावर आवक झपाट्याने आटली आणि अमेरिकेतला एकूण गल्ला ६ कोटींच्या आसपास थांबला. चित्रपट यशस्वीच आहे, सिनेमास्कोरची ‘ए प्लस’ही आहे, फक्त दहा टक्क्यांचा आकडा दाखवून कोणी पाठ थोपटून घेत असेल तर आधी कॅलेंडर उघडावं. अशा वेळी सणानंतरचा पहिला वीकेंड धरायचा.

धर्म आणि सणाचा हंगाम असला म्हणजे चालतंच असंही नाही. २०२३ मध्ये ‘जर्नी टू बेथलेहेम’ १० नोव्हेंबरला सुमारे दोन हजार थिएटरांत लागला आणि तीन दिवसांत २४ लाखांच्या आसपास अडकला. थिएटरमागे बाराशे डॉलर. रोजचे चार खेळ धरले तर खेळाला नऊ-दहा डोकी. नाताळ सहा आठवडे लांब होता आणि तेवढे दिवस पडदा धरून ठेवायला लागणारा गल्ला पहिल्या सोमवारी हातात नव्हता. तारखेने चित्रपट मारला, असं माझं मत आहे. अशा चित्रपटाला एक तर सणाच्या तोंडावर आणावं, नाही तर थोड्या थिएटरांत सुरुवात करून वाढवत न्यावं. अधलीमधली वाट नाही.

डमिल यांचा मुद्दा लवकर आवरतो, कारण तो बरोबरच आहे. फक्त त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. १९५३ चा ‘द रोब’ हा सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रातला पहिला चित्रपट. डमिल यांचा १९५६ चा ‘द टेन कमांडमेंट्स’ व्हिस्टाव्हिजन या तशाच दुसऱ्या तंत्रात, १९५९ चा ‘बेन-हर’ ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर. घरात टीव्ही आला होता आणि लोकांना बाहेर काढायला स्टुडिओंना टीव्हीवर मावणार नाही असं काहीतरी हवं होतं. बायबलची गोष्ट त्या रुंद पडद्यासाठी हाताशी आली. १९६५ मध्ये ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’वर २ कोटी डॉलर घालून स्टुडिओचे हात पोळले आणि लाट ओसरली. आज प्रवास उलटा आहे. ‘द चोझन’ ही येशूच्या जीवनावरची मालिका लोकवर्गणीतून उभी राहिली, फोनवर आणि टीव्हीवर लाखोंनी पाहिली आणि मग तिचे भाग थिएटरात आले. २०२४ मध्ये चौथा सीझन पूर्ण, २०२५ मध्ये ईस्टरच्या आधी पाचवा सीझन तीन हप्त्यांत. भव्य बायबलपट परतला, असं मी म्हणतच नाही. प्रेक्षक आधी जमवायचा आणि मग पडदा मागायचा, ही रीत आली आहे आणि ती टिकते आहे.

आता ‘ताणलेला टीव्ही’. तुम्हाला जे खटकलं ते बहुधा खरोखर दिसलेलं आणि ऐकलेलं आहे, त्यामागे तांत्रिक कारणं असतात. टीव्हीची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेल. थिएटरची ‘फ्लॅट’ चौकट १९९८ बाय १०८०. तसंच ठेवलं तर दोन्ही कडांना ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र मोठं केलं तर उंची ११२४ होते आणि वर-खाली २२-२२ ओळी कापाव्या लागतात. तेवढ्याने चेहरा कापला जात नाही, पण तळाला चिकटून लिहिलेली अक्षरं कडेला भिडतात. त्याहून वाईट गती. अमेरिकी टीव्हीचं काम सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सचं असतं, थिएटरची प्रत सहसा २४ ची. फरक हजारात एक. मात्र चित्र २४ वर नेलं आणि आवाज तसाच ठेवला तर तासाभराच्या शेवटी ओठ आणि शब्द ३.६ सेकंदांनी चुकतात. इतकी ढोबळ चूक प्रत तपासताना पकडली जाते. घाईत केलेल्या कामात तिचा छोटा अंश मात्र शिल्लक राहतो आणि प्रेक्षकाला ‘काहीतरी डब केल्यासारखं’ वाटत राहतं.

सगळ्यात मोठा घोटाळा आवाजाचा. थिएटरचा मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, ठरलेल्या पातळीवर करतात: पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबलचा संदर्भ, फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) ७ वर. टीव्हीचा मिक्स लहान खोलीसाठी, कुजबुज आणि गर्जना यांच्यातलं अंतर कमी करून केलेला असतो. तो फेडर ७ वर लावला की सारखा कानावर आदळतो. तक्रार आली की ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि मग येशूने हलक्या आवाजात म्हटलेलं वाक्य तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. इलाज एकच: थिएटरसाठी वेगळा मिक्स, मोठ्या हॉलमध्ये बसून केलेला. त्याला पैसे लागतात आणि तीन-चार दिवसांच्या खास खेळांसाठी कोणी ते घालायला सहज तयार होत नाही. पण घालायला हवेत असं मला कळकळीने वाटतं. जो प्रेक्षक प्रार्थनेला जावं तशा मनाने येतो, त्याला शब्द ऐकू आलाच पाहिजे.

तुम्ही शेवटी विचारलंय की संपूर्ण खरा, कोणी न फुगवलेला असा एक तरी गल्ला दाखवा. ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’. घाऊक बुकिंग त्यालाही होतं; मेल गिब्सन यांनी पाद्र्यांना तो आधी दाखवला होता. म्हणून पहिल्या वीकेंडचे ८.३८ कोटी बाजूला ठेवा. संवाद अरामाइक, लॅटिन आणि हिब्रू भाषांत, खाली उपशीर्षकं, हिंसेमुळे ‘आर’ (मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्र, खर्च ३ कोटींच्या आसपास. २५ फेब्रुवारी २००४ ला, ॲश वेन्सडेला (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी), लागला. दुसऱ्या वीकेंडला ५ कोटींच्या वर. पुढे खाली येत गेला, आणि सातव्या वीकेंडला, ९ ते ११ एप्रिल, ईस्टरला, दीड कोटी घेऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला. फेब्रुवारीत घेतलेलं कुठलंही घाऊक तिकीट त्या आकड्यात नाही.