'इंजिन खोललं की संपलं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. जुन्या गाड्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर तो आला, आणि परवा तर माझ्या मावशीनेही काळजीपोटी पाठवला. मजकूर साधारण असा: जुन्या फियाटचं किंवा प्रीमियर पद्मिनीचं इंजिन नवशिक्यानं घरी खोलू नये. एकदा खोललं की 'कंपनी फिटिंग' जाते ती परत येत नाही. काम मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं आहे, ते मोठ्या गॅरेजमध्येच होतं. पार्ट मिळत नाहीत. मुंबईत जागा नाही. आणि एवढं करून बांधलंच, तरी आजच्या पेट्रोलवर ते टिकणार नाही. शिवाय पंधरा वर्षांवरची गाडी सरकार भंगारातच काढणार. तेव्हा जुनं इंजिन वजनावर विका आणि मारुतीचं बसवून घ्या.

लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पण हे वाचून मुलुंडच्या एका ओळखीच्या मुलाने आजोबांच्या डिलाइटचं (जुन्या फियाटचं) इंजिन भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. त्या इंजिनला फक्त व्हॉल्व्हचं काम निघालं. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितोय.

आधी 'कंपनी फिटिंग'चं पाहू, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, पुशरॉडवालं (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं). बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ते माणसांनी बांधलं, पाने आणि मायक्रोमीटर घेऊनच बांधलं. मूळ रचना इटलीतल्या फियाटची आणि ती अशा काळातली, जेव्हा इंजिन आयुष्यात एकदा तरी खोललं जाणार हे धरूनच बनवलं जाई. ओव्हरसाइज पिस्टन आणि अंडरसाइज बेअरिंग शेल (पिस्टनच्या जोराने फिरणारी क्रँक ज्यांत बसते, त्या धातूच्या पातळ वाट्या) ही गोष्ट मुळात अस्तित्वात का आहे? सिलिंडर झिजला की थोडा मोठा बोअर करून मोठा पिस्टन घालायचा, क्रँक झिजली की घासून जाड शेल बसवायचे, ही सोय बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

आणि पुरावा हवा असेल तर आपल्याच रस्त्यांवर होता. या शहराच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज दोन-दोन पाळ्यांत धावल्या. त्यांची इंजिनं किती वेळा खोलली गेली याचा हिशोब कुणी ठेवला नसेल, पण ती बहुतेक रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली खोलली गेली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती. इंजिन खोलल्यामुळे ती संपली नाही.

खोलण्यात धोका मात्र आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. धोका आहे अदलाबदलीचा. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) लावूनच एकत्र बोअर केलेल्या असतात; एकीची जागा दुसरीला दिली की क्रँक अडकून फिरते. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते, तिची दिशाही ठरलेली. प्रत्येक टॅपेट (पुशरॉडला वर ढकलणारा तुकडा) कॅमच्या एकाच लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासून तयार झालेला असतो, त्याला त्याच घरात परत जायला हवं. कॅम नवा टाकला तर टॅपेटही नवे. म्हणून खोलताना प्रत्येक तुकड्यावर खूण, प्रत्येक पायरीचा फोटो, पुशरॉडसाठी भोकं पाडलेला आणि आकडे लिहिलेला पुठ्ठा. हे ज्याने केलं त्याची फिटिंग कुठेही जात नाही. नवशिक्याला स्मरणशक्तीवर भरवसा नसतो म्हणून तो लिहून ठेवतो, आणि या एका बाबतीत तो दहा गाड्या एकाच वेळी खोलून बसलेल्या मिस्त्रीच्या पुढे असतो.

आता मायक्रॉन. मेसेजमधला हा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि यात अर्धं खरं आहे. बोअर करणं, क्रँक घासणं, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) फेसिंग मारणं, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कापणं ही कामं घरी होत नाहीत. पण ती तुमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडेही होत नाहीत! तोही ब्लॉक टेम्पोत घालून मशीन शॉपलाच पाठवतो. म्हणजे मायक्रॉनचं यंत्रकाम दोन्ही वाटांनी एकाच दारात जातं. प्रश्न एवढाच उरतो की तिथे पाठवण्याआधी आणि परत आल्यावर माप कोण घेतं.

मी पहिल्यांदा कुर्ल्याच्या एका मशीन शॉपमध्ये ब्लॉक घेऊन गेलो तेव्हा तिथल्या काकांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "पिस्टन आणलास का? नाही? मग मी बोअर कुठल्या मापाला करू?" एवढ्या एका प्रश्नात या कामाचा निम्मा धडा आहे. पिस्टन आधी विकत घ्यायचा, त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, मायक्रोमीटरने मोजायचा, आणि त्या मोजलेल्या पिस्टनसाठी बोअर करून घ्यायचा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर बोअर करून मागितला की पिस्टन सैल तरी वाजतो, नाहीतर गरम झाल्यावर धरतो, म्हणजे जाम होतो.

मोजमापाची हत्यारं म्हणजे बाहेरचं माप घेणारा मायक्रोमीटर, डायल बोअर गेज, फीलर गेज, सरळ पट्टी, टॉर्क रेंच आणि प्लास्टिगेज. नागदेवी स्ट्रीटला एक दुपार काढली तर प्लास्टिगेज सोडून बहुतेक सगळं पाहून, हाताळून घेता येतं. साधा मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे दहा मायक्रॉन दाखवतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा मोजायचा. वर-खालच्या फरकाला टेपर म्हणतात, आडव्या-उभ्याच्या फरकाला ओव्हॅलिटी. हे वाचायला शिकायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, एका संध्याकाळचा सराव लागतो. तीच गोष्ट रिंगच्या गॅपची. जुना ढोबळ नियम आहे, बोअरच्या दर इंचाला चार थाउ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. ६८ मिलिमीटरला ते पाव मिलिमीटरच्या किंचित वर येतं. रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, फीलर गेज घालायचा, कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासायचं. कमी गॅप सोडला तर गरम होऊन टोकं भिडतात आणि रिंग तुटते. बेअरिंगसाठी जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) प्लास्टिगेजचा धागा ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, परत सोडून चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून पाहायचा. नेमके आकडे मात्र त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, माझ्या लेखातून किंवा कुणाच्या व्हिडिओतून नाही.

मापाइतकीच मोठी गोष्ट स्वच्छतेची, आणि मुंबईत तिला वेगळा अर्थ आहे. होनिंग, म्हणजे दगडाने बोअर घासणं, झाल्यावर बोअरच्या बारीक रेघांत दगडाची पूड अडकून राहते. नुसत्या रॉकेलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि कडक ब्रश, आणि पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुणं, हाच उपाय. क्रँकमधली तेलाची भोकं, ब्लॉकमधल्या तेलवाटा, त्यांचे प्लग काढून आरपार ब्रश फिरवायला हवा. नव्याने बांधलेलं इंजिन लवकर निकामी झालं असं ऐकलं की मला आधी याच पुडीचा संशय येतो. पण साबणाने धुतलेलं कास्ट आयर्न आपल्या खाऱ्या दमट हवेत डोळ्यांदेखत गंजू लागतं. पावसाळ्यात तर तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत बोअरवर तांबूस थर दिसतो. म्हणून पुसून लगेच तेलाचा हात, आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं. शक्य असेल तर ब्लॉकचं काम ऑक्टोबर ते मेच्या दरम्यान धरा.

पार्ट मिळत नाहीत, हा मुद्दा मला पटकन बाजूला ठेवता येतो. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात पद्मिनीचं सामान अजून सापडतं, कारण गाडी दशकानुदशकं बनत होती. अडचण असते ती दर्जाची. जुना पडून राहिलेला गास्केट कडक झालेला असतो, आणि चांगल्या नावाच्या खोक्यात नकली शेल निघू शकतात. त्यावर उत्तर पुन्हा मायक्रोमीटरच.

जागेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे गॅरेज नाही, स्टिल्ट पार्किंगमधली एक रंगवलेली चौकट आहे. पण पूर्ण गाडी तिथे महिनोन्‌महिने उघडी ठेवावी लागत नाही. इंजिन काढणं आणि बसवणं ही दोनच कामं पार्किंगमधली. मधलं सगळं एका भक्कम टेबलावर होतं, बाल्कनीत किंवा एखाद्या मित्राच्या गाळ्यात. सेक्रेटरींना आधी लेखी कळवा, तारीख सांगा, खाली पत्रा आणि भुसा टाका. इंजिन उचलायला चेन पुली आणि तिची घोडी भाड्याने घ्या किंवा ओळखीच्या मिस्त्रीलाच त्या दिवसापुरतं बोलवा. पार्किंगच्या स्लॅबमधल्या हुकाला इंजिन कधीही टांगू नका, आणि लटकत्या इंजिनाखाली हातही घालू नका. बॅटरीची तार आधी सोडा, टाकीतलं पेट्रोल मोकळ्या हवेत काढा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर हवाच. वर माणसं राहतात हे एक क्षणही विसरून चालणार नाही. जळकं तेल गटारात ओतणं हा गुन्हाच समजा. डब्यात भरून ते रीतसर घेणाऱ्याकडेच द्या.

पेट्रोलबद्दल दोन वेगळ्या गोष्टींची मेसेजमध्ये सरमिसळ झाली आहे. एक म्हणजे शिसं. शिसं असलेलं पेट्रोल देशभरातून २००० साली गेलं. शिसं गेल्याने व्हॉल्व्ह सीट झिजतात ही भीती मुख्यतः लोखंडी हेडमध्येच थेट कापलेल्या सीटबद्दलची आहे. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या धातूच्या बसवलेल्या असतात. शिवाय याच इंजिनांच्या टॅक्सी पुढे वर्षानुवर्षं सीएनजीवर पळाल्या, आणि सीएनजीत शिसं नसतंच. दुसरी गोष्ट इथेनॉलची, आणि ती चिंता रास्त आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं, ठिसूळ करतं. म्हणजे पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बुरेटरचे गास्केट इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घाला. मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त पडते, त्यामुळे मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक पायरी मोठा लागू शकतो. प्लगचा रंग पाहून ठरवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करा. हे सगळं इंजिनाबाहेरचं काम आहे. त्यासाठी इंजिन भंगारात कशाला?

एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही आणि ती सगळ्यांत आधी यायला हवी होती: इंजिन खोलायची गरज आहे का, हे तपासणं. कम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्या. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा आणि बोअर संशयित. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर असेल तर रिंगांकडे पाहा, सकाळच्या पहिल्या स्टार्टला किंवा उतारावरून आल्यावर ॲक्सिलरेटर देताच भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे. मुलुंडच्या त्या डिलाइटमध्ये हेच झालं. तेल टाकून आकडा हलला नाही, हेड उतरवलं, व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे सीटवर घासून बसवले, सीटवर निळाई (खूण उमटवणारा निळा रंग) लावून सलग कडं उमटतंय का ते पाहिलं, आणि खालच्या भागाला हात न लावता गाडी चालू झाली. अगदी नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आणि घरात एकच गाडी असेल, रोज कामावर तिनेच जायचं असेल, तर पूर्ण इंजिन तूर्त काढू नका. घाईत बांधलेलं इंजिन कुणाच्याही हातून बिघडतं.

पहिल्या स्टार्टबद्दलही तेच. आधी प्लग काढून सेल्फ मारत ऑइल प्रेशर येऊ द्या. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर चालू होताच दोन हजार आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं, तेव्हा आयडलला सोडू नका. हेडचे नट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळलेले असतील आणि मॅन्युअल सांगत असेल तर थंड झाल्यावर पुन्हा तपासा. पहिलं तेल काही शे किलोमीटरवरच बदला.

राहिला पंधरा वर्षांचा बागुलबुवा. वयावरून गाडी बंद करण्याचा नियम दिल्ली परिसरातला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणीला न्यायची, फी आणि हरित कर भरायचा, नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी तर केंद्राने २०२१ साली वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली. ती घेतली की गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच काढता येते, हे मात्र लक्षात ठेवा. १९७४ साली नोंदलेली पद्मिनी आज त्या वयात आली आहे. आणि या नोंदणीची अट आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. त्याच ब्लॉकवर, मूळ रचनेप्रमाणे बांधलेलं इंजिन तिथे उभं राहतं. मारुतीचं इंजिन बसवलं की आरसीवरचा नंबर जुळत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची मंजुरी काढावी लागते, आणि व्हिंटेज नोंदणीचं दार आपण आपल्या हाताने लावून घेतो. ज्या ब्लॉकवर तो नंबर कोरलेला आहे, तोच हा मेसेज तुम्हाला वजनावर विकायला सांगतोय.