प्रवाह आणि बर्फ, दोन्हींची मोजणी वेगळी
रडार उपग्रहांवरचा तुमचा लेख लई आवडला पण एक गोष्ट राहिली बघा, लेखात लिहिलंय की उपग्रह दोन फोटो जुळवून बर्फाचा आणि समुद्राच्या प्रवाहाचा वेग काढतो, ते बर्फाला बरोबर आहे, कारण बर्फाच्या भेगा, कंगोरे दोन-तीन दिवसांनीपण ओळखू येतात, ते किती सरकले ते मोजलं की झालं. पाण्यावर अशी खूण टिकतच नाही ना! तिथं डॉप्लर वापरतात, म्हणजे ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरनचा आवाज बदलतो तसंच. सेंटिनल-१ या युरोपच्या उपग्रहाचं रडार साधारण 5.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि प्रवाहामुळं परत आलेल्या लहरीत फरक पडतो तो फक्त काही हर्ट्झ ते काही दहा हर्ट्झचा, आणि उपग्रह स्वतः सेकंदाला 7 किलोमीटरच्या वर पळतोय, तो वेग वजा करायचा, अँटेना जराशी तिरकी झाली तर तेपण, मग वाऱ्यानं उठलेल्या लाटांचा भाग काढायचा, तेव्हा कुठं प्रवाह हाताला लागतो, तोपण फक्त रडारच्या दिशेतलाच. मला हेच भारी वाटतं!

आम्हा कोल्हापूरकरांना रडारची किंमत कळते, 2019 च्या महापुरात वर सगळं ढग, साधा कॅमेरा काय दाखवणार. रडार ढगातून, रात्रीसुद्धा बघतं आणि शांत पाणी काळं दिसतं म्हणून पंचगंगेचं पाणी कुठवर पसरलंय ते कळतं. सेंटिनलचा डेटा फुकट मिळतो, इथल्या कॉलेजात पोरांना हे शिकवायलाच पाहिजे, आता तर 2025 पासून इस्रो-नासाचा रडार उपग्रह, आपला निसारपण वर आहे.